उजवीकडून चालणारा टोपलंवाला

‘प्रश्न विचारण्याआधी नियम वाचा’ हे वाक्य मी वर्गात वीस वर्षं मुलांना ऐकवत आलोय. मागच्या थंडीत ते मला एका घुबडानं ऐकवलं.

घुबड म्हणजे इंटरनेटवरच्या, जुन्या व्हिडिओ गेमच्या एका परदेशी चर्चा-मंचावरचा मुकादम. नाव नाही, गाव नाही, फोटोच्या जागी घुबडाचं चित्र. मी त्या मंचावर खातं उघडलं, डिक्शनरी शेजारी घेऊन तासभर खपून इंग्रजीत एक प्रश्न लिहिला आणि चहा प्यायला उठलो. परत येऊन बघतो तर प्रश्न गायब. खाली घुबडाची ओळ: इथे फाइल मागायला बंदी आहे, आधी नियम वाचा. मी फाइल मागितलीच नव्हती. मी एका गेमचं नाव विचारत होतो. पण वर्गात आल्याआल्या छडी आपटणाऱ्या मास्तरासमोर खुलासा करून उपयोग नसतो, हे मला दुसऱ्या बाजूनं चांगलं माहीत आहे. मी मुकाट्यानं नियम वाचले. एकतीस होते.

हा सगळा खटाटोप माझ्या थोरल्या भावासाठी चालला होता. दादा दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, सकाळी दाढी करता करता मोरीत पडला. अर्धांगवायू, उजवी बाजू. दादाचा स्वतःचा टेम्पो. पस्तीस वर्षं तो सोलापूरची टॉवेलं आणि चादरी घेऊन हैदराबाद आणि हुबळी करत होता. मी शिकलो, मास्तर झालो. तो दहावीनंतर गाडीवर चढला तो उतरलाच नाही. दवाखान्यातून घरी आला तेव्हा टेम्पो दारातच उभा होता आणि दादाला रिक्षातून उतरवताना त्यानं पहिलं काय केलं असेल, तर डाव्या हातानं टेम्पोचं बॉनेट चाचपलं.

पाय लवकर सुधारला. महिन्याभरात तो भिंतीला धरून बाहेरच्या खोलीतून मोरीपर्यंत जायला लागला. हात मात्र खांद्यापासून लोंबकळत राहिला. बोलणंही तुटलं होतं. मनात सगळं असायचं, तोंडात यायचं नाही. पाणी मागायचं तर ‘चावी’ म्हणायचा आणि आपण चुकलो हे कळून चिडायचा.

फिजिओथेरपीच्या मॅडम आठवड्यातून तीनदा यायच्या. तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. मला दाराबाहेर घेऊन म्हणाल्या, ‘सर, पहिले सहा महिने महत्त्वाचे. या काळात मेंदू पुन्हा शिकतो. हात आत्ता चालवला तर स्टिअरिंग धरण्यापुरता येईल. सहा महिने असेच गेले तर मग मी काही सांगू शकत नाही. आणि काका तर चेंडूच दाबत नाहीत.’

दाबत नाहीत म्हणजे काय, त्यांनी दिलेला रबरी चेंडू दादानं डाव्या हातानं खिडकीतून भिरकावला होता. तो शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीत जाऊन पडला. त्यावरून वेगळं रामायण झालं. मॅडम म्हणाल्या, ‘त्यांना आवडेल असं काहीतरी द्या. बोटं आपोआप चालली पाहिजेत.’

मी दादासमोर स्टूल ओढून बसलो. ‘दादा, काय करशील सांग. पत्ते? कॅरम? हार्मोनियम आणू?’ तो बराच वेळ ओठ हलवत राहिला. मग एकच शब्द स्वच्छ आला. ‘टोपलंवाला.’

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना कळलं नाही. मला मात्र एवढा आनंद झाला की मी त्याचा हातच धरला, तोही नेमका उजवा.

टोपलंवाला हा एक गेम. आम्ही लहान असताना विजापूर वेशीच्या अलीकडे एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. पत्र्याची शेड, आत लाकडी कपाटाएवढी पाच मशिनं. पाचव्या मशिनवर एक बुटका माणूस होता, डोक्यावर गवताची मोठी टोपी. ती आम्हाला उलट्या घातलेल्या टोपल्यासारखी दिसायची, म्हणून नाव टोपलंवाला. त्याच्या हातात वल्हं. त्या वल्ह्यानं तो बेडूक, खेकडे आणि काळे कपडे घातलेली माणसं बडवत जायचा. शेवटी एक पूल यायचा. तो पूल आमच्यापैकी कुणीही कधी ओलांडला नाही.

दादा आणि मी एका नाण्यात दोघं खेळायचो. दांडी माझ्याकडे, बटणं दादाकडे. मी सोडावॉटरच्या खोक्यावर उभा राहून माणसाला चालवायचो आणि दादा उजव्या हाताची तीन बोटं पसरून वल्हं मारायचा. इतकी चपळ बोटं मी नंतर फक्त बँकेतल्या जुन्या कॅशियरची पाहिली. म्हणजे टोपलंवाला मिळाला तर दादाचा तोच हात आपोआप बटणावर जाणार. गणित इतकं सरळ होतं. सापडायला आठवडा लागेल असं मी मॅडमना सांगून टाकलं.

आता हे जुने गेम साध्या कॉम्प्युटरवर चालतात. त्यासाठी एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम लागतो आणि त्या गेमची फाइल लागते. मशिनच्या चिपांमध्ये जे काही होतं ते सगळं त्या फाइलीत उतरवून घेतलेलं असतं. प्रोग्रॅम राजरोस मिळतो. फाइल मात्र उघड मागायची नाही, उघड द्यायची नाही, आणि तरी ती सगळ्यांकडे असते. आपल्याकडे गुटख्याचं जे आहे तेच. वर्गात कॉपी करू नका म्हणून ओरडणारा मी, पन्नाशीला टेकल्यावर असल्या उद्योगाला लागलो, आणि सांगतो, मला काडीची लाज वाटली नाही.

अडचण एवढीच की गेमचं खरं नाव आम्हाला कधीच माहीत नव्हतं. पडद्यावर सगळी जपानी अक्षरं. म्हणून वर्णन करून शोधायचं. घुबडाच्या मंचावर त्यासाठी वेगळी जागा होती आणि भरायला एक तक्ता होता: पडदा उभा की आडवा, किती जण खेळतात, माणूस कोणत्या दिशेनं जातो. इथं मी खूश झालो, कारण आमच्या गेमची खूणच ती होती. बाकी सगळ्या गेममधला माणूस डावीकडून उजवीकडे जातो. आमचा टोपलंवाला उजवीकडून डावीकडे जायचा.

याचं कारणही आम्हाला ठाऊक होतं. पार्लरच्या मागं उर्दू शाळा होती. तिथला दादाच्या वयाचा एक जण रोज आमच्यात असायचा. त्यानं एकदा पडद्याकडे बघून सांगितलं, ‘हमारे में भी उधरीच से लिखते ना. इन जपानी लोगां का भी वैसाच हुइंगा.’ त्याच्याइतका अधिकारी माणूस आमच्यात दुसरा नव्हता. उजवीकडून वाचणारा तोच एकटा. आकडेही जरा विचित्र दिसायचे, तीन आपल्या तीनसारखा नव्हता, पण जपानी आकडे तसेच असणार. विषय मिटला. मी तक्त्यात ठळक अक्षरांत लिहिलं: उजवीकडून डावीकडे, अगदी नक्की. त्याआधी बाहेरच्या खोलीत जाऊन दादाला विचारलंही. त्यानं डाव्या हाताचं बोट हवेत उजवीकडून डावीकडे ओढून दाखवलं.

दोन दिवसांनी ब्राझीलच्या एका माणसाचं उत्तर आलं. फार सज्जन माणूस, हे आता म्हणतो. त्यानं एक नाव सुचवलं आणि मंचाबाहेर, खासगी निरोपात, फाइलची लिंकही दिली. मी फाइल उतरवली, एम्युलेटरला दिली. एम्युलेटर म्हणाला, सात तुकडे कमी आहेत. मग कळलं की प्रत्येक फाइलीला एम्युलेटरची ठरावीक आवृत्तीच लागते, जरा नवी चालत नाही, जरा जुनी चालत नाही. दोन दिवस त्यात गेले. शेवटी पडदा उजळला. गवताची टोपी घातलेला बुटका माणूस आला, आणि चालायला लागला तो डावीकडून उजवीकडे. मी दहा सेकंदही बघितलं नसेल. फाइल खोडली आणि त्या बिचाऱ्याला लिहिलं, की माझं वर्णन कृपया नीट वाचावं. दिशा मी स्पष्ट लिहिलेली आहे. जपान्यांच्या शंभर गेममध्ये टोपीवाले असतील. मास्तरकी जित्याची खोड आहे.

त्यानंतर जे सुरू झालं ते आठवलं तरी डोकं तडकतं. उजवीकडून डावीकडे जाणारे गेम जगात मोजके आहेत. मंचावरचे लोक एकेक नाव टाकायचे आणि मी एकेक फाइल शोधत फिरायचो. एका साइटवर ‘इथे डाउनलोड करा’ अशी चार बटणं असायची, त्यातली तीन खोटी. खोटं दाबलं की पडद्यावर रमी खेळणारी बाई यायची. एका ठिकाणी पाच पानांची चर्चा वाचत जावं, शेवटच्या पानावर कुणीतरी ‘मिळाला, धन्यवाद!’ लिहिलेलं असावं आणि कुठं मिळाला ते नसावं. असल्या माणसांना फळ्याकडे तोंड करून उभं केलं पाहिजे. लिंक दाबाव्यात तर मेलेल्या. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी ठेवलेली फाइल, ठेवणारा गेला, ठेवायची जागा गेली, लिंक मात्र थडग्यावरच्या पाटीसारखी तशीच.

टॉरेंटवर एक मोठा गठ्ठा सापडला. टॉरेंटमध्ये फाइल एका ठिकाणाहून येत नाही, ज्यांच्या ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्यानं येते. माझ्या गठ्ठ्याचा पूर्ण मालक जगात एकच शिल्लक होता. तो त्याच्या सवडीनं कॉम्प्युटर लावायचा. अकरा दिवस तो गठ्ठा मी ओढत होतो. सत्त्याण्णव टक्क्यांवर आमच्याकडची लाइट गेली, आणि लाइट आली तेव्हा तो मालक निघून गेला होता. उरलेले तीन टक्के आजतागायत आलेले नाहीत.

मग टेलिग्रामवर भारतातल्या जुन्या गेमवाल्यांचा एक ग्रुप मिळाला. म्हटलं आपली माणसं आहेत, समजून घेतील. हजारो सभासद, आणि दिवसभर काय चाललंय, तर ‘भाई लिंक दो’, ‘भाई पासवर्ड क्या है’, आणि सकाळी गुलाबाच्या फुलावर सुप्रभात. मी प्रश्न टाकला की वीस मिनिटांत तो फुलांच्या ढिगाखाली जायचा. एकानं लिहिलं, ‘अंकल, ये गेम आपके सपने में आया होगा.’ त्याच्याखाली सतरा जण हसले.

वायफाय आतल्या खोलीतच नीट यायचं, म्हणून माझं बिऱ्हाड तिकडंच असायचं. शाळेतून आलो की लॅपटॉप, रविवार सगळा लॅपटॉप. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं; त्या दिवशी घरातल्या धडधाकट माणसानं हंडे धरायचे असतात. त्यालाही मी ‘पाच मिनिटं’ म्हणायला लागलो. एकदा वहिनी ओल्या पदरानं दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘भावजी, जरा भाईर बसा की त्यांच्याजवळ. दिसभर भिंतीकडं बघत बसल्यात.’

‘त्याच्यासाठीच चाललंय ना हे?’ मी खेकसलो. त्या पदर पिळत परत नळाकडे गेल्या. मला राग आला होता तो त्यांचा नव्हता, पण राग पत्ता बघून कुठं जातो?

मॅडम यायच्या, हात वरखाली करून जायच्या. सुरुवातीला विचारायच्या, ‘सर, तो गेम?’ मी म्हणायचो, ‘मिळतोय.’ मग त्यांनी विचारणं सोडलं. पुढं त्या नुसतं कॅलेंडरकडे बघायच्या आणि मला ते जास्त लागायचं. संक्रांत गेली, गड्ड्याची जत्रा गेली, शिवरात्र गेली. दादाचं बोलणं हळूहळू जुळत होतं. हात तसाच.

होळीच्या सुमाराला घुबडानं निकाल दिला. त्यानं लिहिलं, की या वर्णनाचा गेम अस्तित्वात नाही. लहानपणीच्या आठवणी फसव्या असतात. तीन महिन्यांत आपण अकरा सूचना नाकारल्या आहेत, तेव्हा ही चर्चा बंद करण्यात येत आहे. आणि खरोखर कुलपाचं चित्र लावून बंद केली.

मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की कोपऱ्याचा तुकडा उडाला. माझी आठवण फसवी असेल. दादाची? त्या मशिनवर शंभर दिवस उभ्या राहिलेल्या पोरांची? सगळ्यांनी मिळून एकच खोटं पाहिलं का? अन्यायानं मला रडू आलं. पन्नाशीचा माणूस, गेमच्या नावावरून रडतो. हसायचं तर हसा.

कुलूप लावण्याआधी ब्राझीलवाल्यानं एक शेवटची ओळ लिहिली होती: मूळ मशिनमधला सर्किट बोर्ड कुणाकडे असेल तर त्यावर नाव छापलेलं असतं. तेवढा धागा धरून मी पार्लरच्या मालकाचा शोध घेतला. ते वारले होते. पण त्यांची मशिनं दुरुस्त करणारा टीव्ही मेकॅनिक दाजी पेठेत अजून आहे असं कळलं. एका रविवारी दुपारी गेलो. बोळाच्या तोंडाशी दुकान, आत उघडे टीव्ही रचलेले, मध्ये सत्तरीचे मामा जाड भिंगाच्या चष्म्यातून बघत वायरींना सोल्डरिंगचे डाग लावत बसलेले.

‘त्यो बोर्ड कवाच भंगारात गेला, सर,’ ते मान वर न करता म्हणाले.

‘निदान नाव तरी आठवतंय का मामा? टोपीवाला माणूस, हातात वल्हं. उजवीकडून डावीकडं जायचा.’

मामांनी डाग लावायचं हत्यार खाली ठेवलं. ‘उजवीकडनं? न्हाय वो. त्यो गेम सरळच हुता. म्याच उलटा केला.’

मला काही कळेना. मग त्यांनी एका जुन्या टीव्हीची काचेची पिक्चर ट्यूब उलटी करून दाखवली. तिच्या मागच्या निमुळत्या मानेवर तांब्याच्या तारेचं एक कडं असतं. त्याच्या वायरी अदलाबदल झाल्या तर चित्र आरशात बघितल्यासारखं दिसतं. ‘त्या मशिनचं कडं जळालं. म्या दुसऱ्या टीव्हीचं काढून बशिवलं. वायरी उलट्या पडल्या. सोडवून नीट करतो म्हणलं, तर मालक म्हणले, पोरं भाईर हुबी हायती, ऱ्हाऊ दे, कुणाला कळतंय? मग म्या दांडीच्या वायरी बी उलट्या केल्या, म्हंजी दांडी जिकडं तिकडं माणूस. सात-आठ वर्सं तसंच चाललं बघा. एकानं बी विचारलं न्हाय.’ एवढं बोलून मामा हसले आणि मी स्टुलावर बसलो.

मी आठवीला विज्ञान शिकवतो. सपाट आरसा हा माझा आवडता धडा. दरवर्षी मी वर्गात आरसा नेतो, रुग्णवाहिकेवर अक्षरं उलटी का लिहितात ते विचारतो, आणि जो सांगत नाही त्याला म्हणतो, ‘डोळे उघडे ठेवून बघायला पैसे पडत नाहीत, बाळ.’ आणि मी स्वतः? उलटा तीन बघितला आणि जपानी म्हणून सोडून दिला. पुढं चाळीस वर्षं त्याच्यावर संशयसुद्धा घेतला नाही. घुबड चूक नव्हतं. तसा गेम जगात नव्हताच. तो फक्त विजापूर वेशीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये होता.

आणि डिसेंबरमध्ये, पहिल्याच पंधरवड्यात, तो माझ्या लॅपटॉपवर चालत होता. मी खोडला होता. देणाऱ्याला चार शब्द सुनावून खोडला होता.

घरी येऊन ब्राझीलवाल्याची माफी मागितली. तासाभरात त्याचं उत्तर आलं. त्यानं ती फाइल, ती चालवणारी नेमकी आवृत्ती, असं सगळं एकत्र बांधून पाठवलं. शेवटी लिहिलं होतं, तुझ्या भावाला माझा नमस्कार सांग. एक टोमणा नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

मामांनी प्लायवूडचा एक ठोकळा करून दिला, त्याला जुन्या मशिनची दांडी आणि तीन बटणं. कॉम्प्युटरला जोडायची वायर कुठल्याशा खराब कीबोर्डमधून काढलेली. एम्युलेटरमध्ये चित्र आरशासारखं उलटवायची सोय असते. ती मी लावली. हे सगळं जुळेपर्यंत वैशाख लागला होता. सोलापूरचा वैशाख सांगायला नको. मॅडमनी सांगितलेले सहा महिने संपून आठ दिवस झाले होते.

बाहेरच्या खोलीत टीव्हीला लॅपटॉप जोडला. टोपलंवाला उजवीकडून आला. दादाचा निम्मा चेहरा हसला. ‘ह्योच,’ तो म्हणाला. मी त्याचा उजवा हात उचलून बटणांवर ठेवला, तीन बोटं तीन बटणांवर पसरली, आणि दांडी धरली. खेकडा आला. ‘मार, दादा.’ दादा हाताकडे बघत होता. खांदा हलला, कोपर थोडं सरकलं. बोटं तशीच राहिली. टोपलंवाला मेला. आम्ही पुन्हा सुरू केलं, परत तेच. पाव तासानं दादानं डाव्या हातानं तो हात उचलला, मांडीवर ठेवला, आणि ठोकळा स्वतःकडे ओढून डाव्या हातात दांडी घेतली. बटणांकडे माझा हात नेला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ठोकळा पाहिला. उलटसुलट करून म्हणाल्या, ‘अरे वा सर, मस्तच आहे हो. हा चार महिन्यांपूर्वी पाहिजे होता.’ मग माझं तोंड बघून घाईनं म्हणाल्या, ‘तरीपण करत राहा.’ जूनमध्ये मंद्रूपचा एक माणूस येऊन टेम्पो घेऊन गेला. दादा दारापर्यंत गेला नाही.

आता रोज शाळेतून आलो की आम्ही बसतो. दांडी त्याची, बटणं माझी. दादा मला शिव्या देतो. मी उशिरा मारतो म्हणतो, आणि ते खरं आहे. वहिनी चहा देतात आणि कधी कधी त्याही बघत उभ्या राहतात. बोलणं आता त्याचं बरंच सुधारलंय, फक्त दमल्यावर अडखळतं.

परवा आम्ही पहिल्यांदा पुलावर पोचलो आणि अर्ध्यावर मेलो. दादा मागं टेकला. मी म्हणालो, ‘बघ, एवढ्यासाठी मी जग पालथं घातलं. पण सोडला नाही. टोपलंवाला म्हणजे टोपलंवाला.’

दादानं मांडीवरचा उजवा हात डाव्या हातानं नीट ठेवला. ‘बारक्या,’ तो म्हणाला, ‘कुठला बी चालला असता की.’

‘म्हणजे?’

‘तवा तोंडात शब्दच येत न्हवतं. त्यो एक आला. तुज्या फोनमदला सापाचा असता तरी दाबलं असतं म्या.’

मी जवळजवळ ओरडलोच, ‘मग बोलला का न्हाईस? संक्रांतीपासनं बोलाय लागला हुतास की तू!’

‘कुणाला बोलू?’ दादा म्हणाला. ‘तू आत हुतास. चार म्हयनं.’